गाण्याखाली नाव नव्हतं

मी लहान मुलांसाठी काम करते आणि लहान मुलांशी माझा फारसा संबंध येत नाही. हे मी लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता कंटाळा येतो. "म्हणजे बालवाडीत शिकवता?" नाही. "मग शाळा काढलीय?" तीही नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नीट शिकायला मिळावं, अंगणवाडीला धड खोली असावी, तिथल्या सेविकेला चांगलं प्रशिक्षण मिळावं, म्हणून मी माहिती गोळा करते, अहवाल लिहिते, निवेदनं देते आणि सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यांवर चपला झिजवते. माझ्या एका चुलत सासऱ्यांनी यावर कायमचा निकाल देऊन टाकलाय. "म्हंजे तू काम करत न्हाईस. काम करा म्हनून सांगतीस." सगळे हसले. मीही हसले, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

या धंद्यात आमच्याकडे एकच हत्यार, कागद. आणि कागदाचा पहिला नियम असा की माहिती देणाऱ्याचं नाव लपवायचं. सेविका मानधनावर असते. तिच्यावर पर्यवेक्षिका, तिच्यावर प्रकल्प अधिकारी, आणि त्यांच्याही वर कोणकोण. तिनं खरं सांगितलं तर टाळ्या मला मिळतात, भोगावं तिला लागतं. म्हणून आम्ही 'एक सेविका', 'डोंगराकडची एक वाडी' असं लिहितो. यात मी पटाईत आहे असं मला वाटायचं. संस्थेत नवीन मुली आल्या की हा धडा त्यांना मीच द्यायची, तोही जरा तोऱ्यात.

आता जे सांगणार आहे त्यातली वाडी कुठली, तालुका कुठला, हे सांगणार नाही. एवढं तरी शिकले आहे. कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवरून एसटी पकडून पश्चिमेला गेलं की गगनबावड्याकडचा पाऊस जिथं आधी पोचतो असा पट्टा लागतो, त्यात कुठंतरी. तिकडं पाऊस पडत नाही, मुक्कामालाच येतो. धोकादायक खोल्यांत भरणाऱ्या अंगणवाड्यांची पाहणी आम्ही करत होतो आणि त्या वाडीला मी ऐन पावसाळ्यात पोचले.

खोली एकच. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. मी सहज हात लावून बघितला, तर माझा तळहात त्यात उभा गेला. आतून गार हवा आली. मी हात झटकन मागं घेतला. का कोण जाणे, पलीकडून कुणी धरेल असं वाटलं. भिंतीच्या पायाशी ओल धरून माती सुटत होती, आणि त्याच भिंतीवर कुणीतरी हौसेनं फुगे आणि मोर रंगवले होते. मोराच्या मानेतून तडा गेला होता.

सेविका पंचेचाळिशीची, पदर खोचलेली, आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूस वळून बघेल. मी विचारलं, "ताई, अर्ज केला नाही का?"

"अर्ज? चार दिल्यात. अर्ज दिला की पावणी येत्यात, फोटू काढत्यात, च्या पिऊन जात्यात." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघून म्हणाली, "तुमी बी काढा."

मी फोटो काढला नाही. मग ती जरा सैल झाली आणि तिनं तिची रोजची तऱ्हा दाखवली. सकाळी पोरं खोलीत गोळा करायची. हजेरीचा फोटो मोबाईलवर केंद्रातच काढायचा, असा त्यांच्याकडं दंडक. फोटो झाला की लगेच बैलाच्या कासऱ्याला मारलेल्या गाठी पोरांच्या हातात द्यायच्या, एका पोराला एक गाठ, आणि सगळी माळ घेऊन आपल्या घरी जायचं. पुढची सगळी अंगणवाडी तिच्या सोप्यावर, घराच्या पुढच्या पडवीत. गाणी तिथं, खाऊ तिथं, चिंचोके मोजणं तिथं. सुट्टीच्या आधी परत खोलीत आणायचं, कारण आयाबाया न्यायला तिथंच येत. पावसाळा संपेपर्यंत हे असंच चालायचं.

तिचं घर बौद्धवाड्यात होतं. सतरा वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा वरच्या आळीतल्या काही घरांतली मुलं तिच्याकडं यायची, पण तिच्या हातचा खाऊ खायची नाहीत. डबा घरी जायचा आणि म्हशीच्या पाटीत रिकामा व्हायचा. आमचा जिल्हा पुरोगामी, हे मी लहानपणापासून भाषणांत ऐकत आले आहे. आता त्याच घरांतली मुलं तिच्या सोप्यावर मांडी घालून खिचडी खात होती आणि आया काही म्हणत नव्हत्या. भिंत सगळ्यांनीच बघितली होती. "माझ्या सतरा वर्सांनी जे झालं न्हाय," ती हसत म्हणाली, "ते त्या भेगंनं केलं बघा."

निघताना मी विचारलं, हे लिहू का?

"लिवा की. सगळं लिवा. फकस्त माझं नाव नगो." थोडं थांबून म्हणाली, "हे काम गेलं तर ह्या वाडीत मला परत कोन बाई म्हननार न्हाय, मॅडम." मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट वहीत उतरवून घेतली, तिचं गाणं. पुस्तकातली गाणी सगळ्याच सेविका म्हणतात, शुद्ध भाषेत, सरळ उभं राहून. ही स्वतः गाणी रचायची, तिथल्याच बोलीत. खाली जे देते आहे ते तिचं गाणं नव्हे. त्या चालीवर मी जुळवलंय, त्यातले प्राणीही बदललेत. तिचं याच्याहून कितीतरी चांगलं होतं.

खेकडा म्हणतो, वाकडा चालू,
बेडूक म्हणतो, उडी घालू.

अहवाल लिहिताना मला तिच्या मूळ गाण्यातल्या दोन ओळींचा मोह आवरला नाही. सगळा अहवाल कसा तक्त्यांनी आणि टक्क्यांनी भरलेला, वाचणाऱ्याला जांभई यावी असा. मी एक चौकट केली. वर भिंतीचा तडा, रोजचा फोटो, कासरा, सोपा. खाली दोन ओळी, आणि 'सेविकेनं स्वतः रचलेलं गाणं' एवढंच. नाव नाही, गाव नाही, तालुका नाही. मला ती चौकट फार आवडली होती. लिहून झाल्यावर मी ती दोनदा मोठ्यानं वाचली.

कोल्हापुरात एका सभागृहात आम्ही अहवाल मांडला. जिल्ह्यातल्या पर्यवेक्षिका आणि अधिकारी आले होते. धोकादायक खोल्यांची यादी मान्य व्हावी आणि दुरुस्त्या मार्गी लागाव्यात, यासाठी सगळा खटाटोप. चौकट पडद्यावर आली तेव्हा मी गाण्याच्या ओळी चालीवर म्हटल्या. लोक हसले, बरं वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक पर्यवेक्षिका मान डोलवत पुढच्या ओळी म्हणाली, ज्या अहवालात कुठंच नव्हत्या. इथं त्याही मी बदलून देते आहे.

"गोगलगाय म्हणते, घाई न्हाय, घर माझं पाठीवर हाय!"

सभागृहात हशा पिकला. ती कौतुकानं शेजारणीला सांगायला लागली, "आमच्या बाईचं हाय हे! ट्रेनिंगला दरवर्षी म्हनायला लावतो आम्ही तिला." आणि बोलता बोलता तिची नजर पडद्यावर चौकटीच्या वरच्या भागाकडं गेली. तडा, फोटो, सोपा. मी तिच्या तोंडावरचं हसू जाताना बघितलं. पुढची पानं मी वाचली असणार, कारण शेवटी टाळ्या वाजल्या, पण मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. तिनं कप खाली ठेवला. "मॅडम, मी तोंड दाबून बसलो असतो. पर शेजारी आमच्या अधिकारी मॅडमच हुत्या." एवढं बोलून ती निघून गेली. तिच्यावर चिडायला मला काही कारण नव्हतं, तरी मी चिडले.

संस्थेत मी आमच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाव छापलं नाही ना? मग आपण नियम पाळलाय." मला ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. नाव लपवायचे धडे देणारी मी, गाणंसुद्धा नाव असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी भीतीत काढले. फोन वाजला की आधी नंबर बघायची. बाजारात भाजी घेताना कुणी मागून "मॅडम" म्हटलं तरी हातातली पिशवी सुटायची. घरी जेवताना घास फिरायचा, नवरा विचारायचा, मी ॲसिडिटी म्हणायची. आणि या सगळ्या दिवसांत मी त्या बाईला एकदाही फोन केला नाही. केला असता तर तिला निदान तयारीला वेळ मिळाला असता. पण फोन करायचा म्हणजे चूक कबूल करायची. मी स्वतःला समजावत होते की कदाचित काही होणारच नाही, उगाच कशाला तिला घाबरवा. घाबरले होते मी आणि नाव तिचं पुढं करत होते.

शेवटी तिचाच फोन आला. सकाळची वेळ, मागून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, कागद आलाय." तिनं तो मला वाचून दाखवला, अडखळत. केंद्र नेमून दिलेल्या जागी न भरवणं, दिशाभूल करणारे फोटो पाठवणं, कामावरून कमी का करू नये याचा खुलासा, समक्ष हजर राहावं. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमी नाव घातलतं व्हय?"

"नाही ताई. देवाशपथ नाही."

"मग कळालं कसं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गाण्यावरनं," मी म्हणाले. "मी तुमचं गाणं छापलं."

तिनं पलीकडं कुठल्याशा पोराला खाली बस म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, "आवडलं म्हनून छापलं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला. राग सापडला असता तर सोसायला सोपं गेलं असतं.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. प्रमुखांनी बजावलं होतं की माहिती कुणी दिली हे आपण सांगत नाही, तू काही बोलायचं नाहीस. कचेरीच्या बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि पिशवीत सतरा वर्षांची प्रशस्तिपत्रकं आणली होती, प्लॅस्टिकच्या कागदात घालून. एरवी शेतापार जाणारा तिचा आवाज पार खाली गेला होता. "मी हातपाय जोडंन मॅडम," ती म्हणाली, "पर कामावरनं काढू नगा म्हनंन."

अधिकारी बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. त्याही कुणाला तरी घाबरलेल्या होत्या, टेबलावरचा पेन सारखा उचलून ठेवत होत्या. "मला वरनं विचारणा झालीय," त्या मला म्हणाल्या. "एक तर ही बाई खोटे फोटो पाठवते, नाहीतर तुमचा अहवाल खोटा. दोन्ही खरं असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्हीच सांगा काय करू." आणि त्यांनी एक टंकलेला कागद माझ्यापुढं सरकवला. सदर चौकटीतील मजकूर ऐकीव माहितीवर आधारित असून या तालुक्यातील कोणत्याही केंद्रास लागू नाही. खाली माझं नाव, सहीला जागा. मी सही केली तर नोटीस मागं घेणार होत्या.

मी तो कागद तीन वेळा वाचला. एक मजकूर खोटा म्हणून मीच लिहून दिला तर बाकीच्या खोल्यांची यादी कोण खरी मानणार? या क्षेत्रात माझ्या शब्दाला जी काही किंमत आहे ती कागदातूनच आली आहे, ती त्या सहीबरोबर जाणार होती. खरं सांगते, त्या घटकेला मला तिच्यापेक्षा माझी भीती जास्त वाटली. मी पेन उघडून तसाच धरून बसले.

"सही करा की, मॅडम," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

मी सही केली. अधिकारी बाईंनी सुस्कारा टाकला, कागद फायलीत लावला, आणि तिच्याकडं वळून म्हणाल्या, "उद्यापासून केंद्र केंद्रातच भरवायचं. घरी पोरं नेलेली कळली तर मी काही करू शकणार नाही. आणि तिथं धोका आहे असं आता कुणाचंच म्हणणं नाही, नाही का?"

मला कळायला वेळ लागला. तिला आधीच कळलं होतं. तिनं मान हलवली, प्रशस्तिपत्रकं पिशवीत घातली आणि बाहेर येऊन छत्री उघडली. माझ्यावर एका शब्दानंही डाफरली नाही. "मदतनीस एकटीच हाय तितं, मी जातो," म्हणाली आणि वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली. मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा हिशेब लागला. तिचं काम राहिलं होतं. पण भिंतीतली भेग मी माझ्या सहीनं बुजवली होती, आणि उद्यापासून पंधरा पोरं दिवसभर त्या भिंतीखाली बसणार होती.

आमचे प्रमुख खूश झाले. "सुंठीवाचून खोकला गेला," ते म्हणाले. मी त्यांना काहीबाही बोलले, आवाज चढवून, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी दार लावून घेतलं. मग मी त्या भिंतीसाठी नव्यानं अर्ज लिहिला, मुद्द्यांना धरून, नम्र भाषेत. तो दाखल करायला गेले तेव्हा बाबूनं फाईल काढून माझंच पत्र मला दाखवलं. ऐकीव माहिती. माझी सही. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारून पोचही दिली, वर हसला.

त्या आठवड्यात पावसानं झोडपून काढलं. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं आणि शहरात लोक पूर बघायला जात होते. मला फक्त पश्चिमेकडचं आभाळ दिसत होतं. सकाळी पेपर आला की मी उभ्या उभ्या आतलं जिल्ह्याचं पान आधी उघडायची आणि 'भिंत' हा शब्द शोधायची. दोनदा सापडला. एकदा गोठ्याची होती, एकदा जुन्या गिरणीची. दोन्ही वेळेला मी खाली बसले आणि देवाचे आभार मानले, ज्यांचा गोठा पडला त्यांचा विचारसुद्धा न करता. मी तिला रोज फोन करायची. ती उचलायची, "हाय, हाय, समदं बरं हाय," म्हणायची आणि ठेवायची. उचलायला दोन रिंगा जास्त लागल्या की मी उठून चपला शोधायला लागायची.

पाऊस जरा उघडल्यावर मी गेले. वाटेत पाणी होतं, शेवटचा टप्पा चालावा लागला. लांबून खोलीचं छप्पर दिसलं तेव्हा कुठं जीवात जीव आला.

आत पोरं होती, सगळी. दाराच्या बाजूला गर्दी करून, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली. निम्मी खोली रिकामी. जमिनीवर खडूनं एक जाड रेघ ओढलेली, तिच्यापलीकडं एकाही पोराचा पाय नव्हता. आणि रेघेच्या पलीकडं, मोराच्या खाली, भिंतीला पाठ टेकून ती एकटी बसली होती. भेग तिच्या खांद्यामागून वर गेली होती. तिच्या पोलक्याची पाठ ओली झाली होती.

पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी दारातून म्हणाले, "ताई, तुम्ही तिथं का बसलाय? इकडं या."

"मी तिकडं आलो तर पोरं हिकडं पसरत्यात," ती म्हणाली. "रेघंला काय भेत्यात व्हय ती? बाई बसल्या म्हटल्यावर गप ऱ्हात्यात." मग पाठ जरा हलवून, भिंतीला अजून नीट टेकून म्हणाली, "आनि हिला लागून बसलं की समजतं. रातच्या पावसानं काल जरा कुरकुरली. हलली तर आदी मला कळंल. मी वरडलो की पळायचं, हे शिकवलंय त्यास्नी. रोज सकाळी तेच करून घेतो."

पोरांनी लगेच मला करून दाखवलं. तिनं हाक दिली, आणि पंधराच्या पंधरा पोरं उठून माझ्या अंगावरून अंगणात पळाली, हसत, ओरडत, खेळ म्हणून. आत ती एकटीच उरली. ती उठली नव्हती.

पोरं परत आली, बसली. तिनं बाजूची सतरंजी उलगडून भिंतीशी, आपल्या शेजारी सरकवली आणि म्हणाली, "बसा की, मॅडम. लांबनं आलाय."

मी दाराजवळ, पोरांच्यात बसले.